सुकरातला जहर कशासाठी दिले?

मराठीत एखादी गोष्ट फार चांगली जमली की तिला 'अफलातून' म्हणतात. अफलातून भाषण, अफलातून झेल, अफलातून मटण. तोच शब्द आमच्या घरच्या दखनी बोलीत आला की त्याचा रंग पालटतो. पोराने वडीलधाऱ्यांपुढे जरा अक्कल चालवली की दादी म्हणणार, "बडा अफलातून बन रा!" म्हणजे मराठीत शाबासकी आणि दखनीत टोमणा. मुंबईत तर या नावाची साजूक तुपातली मिठाईसुद्धा मिळते. तिन्ही ठिकाणी माणूस एकच आहे, दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो. अरबी लिपीत 'प' नाही आणि अरबी जिभेला शब्दाच्या सुरुवातीचे जोडाक्षर सोसत नाही. म्हणून पुढे एक 'अ' लागला, 'प'चा 'फ' झाला आणि प्लेटोचा अफलातून होऊन तो आमच्या घरात आला.

हे आम्हांला कधी कळले ते सांगायला संकोच वाटतो. आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले आणि बी.एड. मराठीतून. उर्दूत आम्ही सुकरात, अफलातून आणि अरस्तू ही नावे ऐकली होती. बी.एड.ला शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल आले. आम्ही टिपणे पाठ केली, परीक्षा दिली, पासही झालो. हे सहा माणसे नसून तीनच आहेत, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती परीक्षेच्या बऱ्याच नंतर. वर्गात कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

न विचारण्याची ही सवय घेऊनच आम्ही शिक्षक झालो. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात बोलता बोलता सुकरातची गोष्ट निघाली. शहाणा माणूस होता, सत्यासाठी जहराचा प्याला प्याला, एवढे सांगून आम्ही पुढे निघालो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, उनो तो खाली सवालां पूछते थे ना? फिर उनकू जहर कायकू दिये?" तास संपत आला होता, धडा राहिला होता, तपासणी जवळ आली होती. आमच्या तोंडून निघून गेले, "बैठ नीचे. बडा अफलातून हो गया क्या?" वर्ग हसला. मुलगा बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा काही विचारले नाही. पुढे शाळा सोडून तो कामाला पुण्याकडे गेला, असे कळले.

रात्री घरी आल्यावर लक्षात आले की आज आपण काय केले. सुकरातच्या शागिर्दाचे नाव घेऊन सुकरातसारखा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवले. त्याला द्यायचे उत्तर आमच्याकडे होतेच कुठे? ते शोधण्यात पुढची बरीच वर्षे गेली. जे हाती लागले ते इथे लिहितो आहोत.

सुकरातचा बाप दगड घडवणारा होता आणि आई सुईण. अथेन्स शहरात तो अनवाणी फिरे, बाजारात उभा राही आणि भेटेल त्याला प्रश्न विचारी. सेनापतीला विचारी, शौर्य म्हणजे काय? पुजाऱ्याला, धर्मनिष्ठा म्हणजे काय? कारागिराला, कवीला, पुढाऱ्याला, तुम्हांला जे येते असे तुम्ही म्हणता ते नेमके काय आहे? समोरचा पहिल्यांदा ठसक्यात उत्तर देई, मग दुसऱ्या प्रश्नाला अडखळे, तिसऱ्याला चिडे. तो स्वतःला आईच्याच धंद्यातला समजे. सुईण स्वतः मूल जन्माला घालत नाही, दुसरीच्या पोटातले बाहेर यायला मदत करते. तसेच ज्ञान आपण कोणाला देत नाही, त्याच्याच आत असलेले बाहेर काढतो, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही शिक्षक लोक मात्र उलटे समजतो. मुलाचे डोके म्हणजे रिकामा रांजण आणि आपण पखाल घेऊन आलेले भिश्ती.

त्याने एक ओळही लिहून ठेवली नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते प्रामुख्याने अफलातूनने आणि झेनोफन या दुसऱ्या शिष्याने लिहिले म्हणून. इ.स.पू. ३९९ मध्ये, सत्तर वर्षांचा असताना त्याच्यावर खटला झाला. आरोप असे की शहराचे देव तो मानत नाही, नवे देव आणतो आणि तरुणांना बिघडवतो. पाचशेच्या आसपास नागरिक न्याय करायला बसले होते. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, पण फरक फार मोठा नव्हता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आरोपीने स्वतःसाठी दुसरी शिक्षा सुचवायची असे. सुकरातने आधी सुचवले की शहराने मला सन्मानाने सरकारी खर्चाने जेवू घालावे! दुसऱ्या मतदानात मृत्युदंड पक्का झाला. तुरुंगातून पळून जाण्याची सगळी सोय मित्रांनी केली होती, तीही त्याने नाकारली. ज्या शहराच्या कायद्याखाली सत्तर वर्षे राहिलो तो आता मला गैरसोयीचा झाला म्हणून मोडू काय, असा त्याचा प्रश्न होता. त्यालाही मित्रांकडे उत्तर नव्हते.

इथे एक गोष्ट विसरू नये. त्याला मारणारा कोणी जुलमी बादशहा नव्हता. ते नुकतेच लढाई हरलेले, घाबरलेले लोकशाही शहर होते. पाचच वर्षांपूर्वी स्पार्टाने अथेन्सचा पराभव केला होता, त्यानंतर तीस जुलमी लोकांची राजवट येऊन गेली होती आणि त्या तिसांतला एक पुढारी कधीकाळी सुकरातच्या बैठकीत बसत असे. भ्यालेल्या समाजाला प्रश्न विचारणारा माणूस शत्रूचा हस्तक वाटू लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या 'कायकू'चे उत्तर आम्हांला इथे पहिल्यांदा सापडले.

आता कोणी म्हणेल, हे सगळे यूनानातले, आपल्याला त्याचे काय? त्यासाठी एक शब्द पाहावा, 'यवन'. मराठी बखरींत यवन म्हणजे मुसलमान. लहानपणी हा शब्द मराठीच्या पुस्तकात भेटला की आम्ही मान खाली घालत असू. पण यवन आणि यूनान हा मुळात एकच शब्द आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा मुलूख होता. त्यावरून इराण्यांनी, अरबांनी आणि भारतीयांनी ग्रीकांना आपापल्या उच्चारात हे नाव दिले. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या सगळ्यांनाच ते लागले आणि फिरत फिरत आमच्यावर येऊन बसले. म्हणजे मराठीने आम्हांला शेकडो वर्षे सुकरातच्या नावाने हाक मारली. तिलाही ते ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही.

बरे, हे मूळचे यवन महाराष्ट्रात आले नव्हते असेही नाही. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कोणाला ग्रीक म्हणावे यावर अभ्यासकांत वाद आहेत, कारण यातली पुष्कळ नावे इथलीच वाटतात. आम्हांला त्या वादापेक्षा त्या दोन टाक्यांचे अप्रूप वाटते. परदेशातून आलेल्या माणसाने दुसऱ्याच धर्माच्या लोकांसाठी डोंगरात पाणी साठवून ठेवले. बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सफरपोथी लिहिली. तिच्यात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे लिहिले आहे. तेरहून साधे कापड आणि मलमल बंदराकडे जाई. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. आम्ही वर्गातल्या नकाशावर पैठण आणि तेर यांच्यावर पट्टी ठेवून पाहिली. रेघ आमच्या जिल्ह्यातूनच जाते. त्या काळच्या गाड्या नेमक्या कोणत्या घाटाने चढल्या ते कोण सांगणार! पण मुलांनी त्या रेघेवर आपले लिंबागणेश कुठे पडते ते बोटाने शोधले, तेव्हा यूनान त्यांना पहिल्यांदा जवळचा वाटला.

कापड गेले, नाणी आली. विचार मात्र त्या वाटेने फारसे आले नाहीत. ते बगदादहून आले.

अब्बासी खलिफा मामूनच्या स्वप्नाची हकिकत इब्न अन-नदीमने दहाव्या शतकात आपल्या 'फिहरिस्त'मध्ये लिहिली आहे. मामूनला स्वप्नात एक भव्य कपाळाचा माणूस पलंगावर बसलेला दिसला. तू कोण, असे विचारता तो म्हणाला, मी अरस्तू. मामूनने विचारले, चांगले कशाला म्हणावे? उत्तर आले, अक्कल ज्याला चांगले म्हणते त्याला. आणि त्यानंतर? शरियत ज्याला चांगले म्हणते त्याला. आणि त्यानंतर? लोक ज्याला चांगले म्हणतात त्याला. या स्वप्नानंतर खलिफाने यूनानी ग्रंथांचे तर्जुमे करवले, असे इब्न अन-नदीम सांगतो. आजचे अभ्यासक म्हणतात की तर्जुम्याचे काम मामूनच्या आधी, बगदाद वसवणाऱ्या मन्सूरच्या काळीच सुरू झाले होते. स्वप्न खरे असो वा नंतर रचलेले, खलिफाने स्वप्नातसुद्धा हुकूम सोडला नाही, सवाल विचारले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

हे तर्जुमे करणाऱ्यांत सर्वांत मोठा हुनैन इब्न इसहाक. तो ख्रिस्ती होता. त्याला पगार आणि मान देणारे मुसलमान होते आणि ज्यांचे ग्रंथ तो अरबीत आणत होता ते ना ख्रिस्ती, ना मुसलमान. एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तप्रती गोळा करून, त्या पडताळून मगच तो लिहायला बसे. त्याच शतकात अल-किंदीने लिहिले की सत्य कोणत्याही कौमेकडून येवो, ते स्वीकारण्यात लाज वाटू नये. हा किंदी म्हणजे अरबांचा पहिला फैलसूफ. आपल्या सभासमारंभात बगदादच्या या सुवर्णकाळाचा उल्लेख फार होतो, टाळ्याही मिळतात. पण पुढची हकिकत आपण सहसा सांगत नाही.

इ.स. ८३३ मध्ये याच मामूनने उलेमांची झडती सुरू केली. इतिहासात तिला 'मिहना' म्हणतात. कुरआन निर्मित आहे, हे दरबारचे मत प्रत्येकाने मान्य करावे, असा हुकूम निघाला. बहुतेकांनी मान तुकवली. इमाम अहमद इब्न हंबल यांनी तुकवली नाही. त्यांना साखळदंड घालून नेले. मामून त्याच वर्षी वारला, पण त्याचा भाऊ मुअतसिम याच्या काळात इमामसाहेबांना फटके मारण्यात आले. अकिद्याच्या त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा आम्ही करायला बसलो नाही. आमचा मुद्दा एवढाच की ज्याने अरस्तूची पुस्तके सोन्याच्या मोलाने आणवली त्याच्याच राज्यात एका माणसाला त्याच्या मतासाठी तुरुंगात टाकले गेले. बगदादला ग्रंथ पोचले होते, अथेन्सचा धडा पोचला नव्हता. आणि किंदीची तरी काय गत झाली? मुतवक्किलच्या राजवटीत वारे फिरले, हेवेदावे झाले, त्याची सगळी किताबे जप्त झाली. पुढे ती त्याला परत मिळाली, हे नशीब.

आमच्या जिल्ह्यात याच जातीची एक खूण उभी आहे. बीडच्या दक्षिणेला करजणी गावाजवळ दाताची कबर आहे. दात मुहम्मद बिन तुघलकाचा. विजापूर दरबारचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो की तेलंगणातून दौलताबादकडे परतताना सुलतानाला दातदुखी झाली, बीडला दात पडला आणि त्याने तो मोठ्या इतमामाने दफन करून वर घुमट बांधवला. मुलांना सहलीला नेले की ती पोट धरून हसतात. पण हा सुलतान वेडा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. त्याला मंतिक आणि फलसफ्याचा भारी नाद होता. त्याच्या दरबारी वावरलेला इतिहासकार झियाउद्दीन बरनी तक्रार करतो की साद मंतिकीसारख्या तर्कवाद्यांच्या संगतीत सुलतानाचे मन कठोर झाले. आमचे मत बरनीहून वेगळे आहे. मन तर्काने कठोर झाले नसेल. ज्याला उलट प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नाही त्याच्या हातात तर्क गेला की तो तलवारीसारखाच चालतो. सुकरात लोकांना प्रश्न विचारी तेव्हा त्याच्या हातात काही नव्हते. सुलतानाच्या मागे जल्लाद उभा होता.

राजवाड्यात यूनानची ही तऱ्हा झाली, पण खाली मदरशात आणि दवाखान्यात ते गुपचूप रुजले. आमच्या ओळखीचा एक तालिबे-इल्म दर्से-निझामीत 'ईसागोजी' शिकत होता. हा शब्द कोणत्या भाषेतला, असे आम्ही विचारले. म्हणाला, अरबीच असेल. तो ग्रीक आहे, 'ओळख' किंवा 'प्रवेश' या अर्थाचा. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीने अरस्तूच्या तर्कशास्त्रात शिरण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाचे ते नाव. तेराव्या शतकात अबहरीने तेच नाव आपल्या छोट्या अरबी पुस्तकाला दिले आणि ते आमच्या मदरशांत आजवर चालत आले. हकिमाकडे जावे तर तो नाडी बघून मिजाज सांगतो, खून, बलगम, सफरा आणि सौदा यांचा हिशेब करतो. हा हिशेब बुकरात आणि जालिनूस या यूनानी वैद्यांचा. चार रसांच्या मिश्रणाला अरबांनी 'मिजाज' म्हटले, तेच मराठीत येऊन 'मिजास' झाले. रसांचे मिश्रण बिघडले की माणूस मिजास करतो, असे म्हणायला हरकत नाही! कानून, किमया, फानूस, तिलिस्म, दाम या सगळ्यांच्या मुळाशी ग्रीक शब्द आहेत. रोज तोंडात असलेल्या या शब्दांना आम्ही कधी त्यांचे गाव विचारले नाही.

आचरणाचा उपदेश मात्र एका खास किताबीने आणला. नसीरुद्दीन तूसी यांनी १२३५ च्या सुमारास फारसीत 'अखलाके-नासिरी' लिहिली. त्यांच्यासमोर मिस्कवैह यांचे अरबी 'तहजीबुल-अखलाक' होते आणि त्याच्या मागे अरस्तू. सर सय्यद यांनी १८७० मध्ये आपल्या मासिकाला 'तहजीबुल-अखलाक' हे नाव दिले तेही त्याच परंपरेतले. हिंदुस्थानात मुघलांच्या काळात दरबारातल्या माणसाने 'अखलाके-नासिरी' वाचली नाही असे होत नसे. अकबराला तर ती वाचून दाखवली जाई.

तिच्यातली मुख्य गोष्ट म्हणजे 'एतिदाल', मधली वाट. भित्रेपणा आणि बेफामपणा यांच्या मधोमध शौर्य. कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधोमध सखावत. हे ऐकायला सोपे वाटते. पण अरस्तूने एक बारीक गोष्ट सांगितली आहे ती आपण सोडून देतो. मध्य सगळ्यांचा एकच नसतो. मिलो पहिलवानाला जे जेवण अपुरे ते नवशिक्याला अजीर्ण होणार. आमच्या भागात लग्नासाठी उचल घेणारी कुटुंबे आम्ही बघतो. शेजाऱ्याने पाचशे पाने वाढली म्हणून ज्याने पाचशे वाढली, त्याचा मध्य शेजाऱ्याच्या अंगणात होता. त्यापायी तो नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन मुकादमाच्या मागे सहा महिने ऊस तोडायला जातो आणि मुलाचे नाव हजेरीपटावरच राहते. हा एतिदालचा धडा आम्ही पालकांच्या बैठकीत बोलून दाखवला होता. एक पालक म्हणाले, "सर, कम वाढे तो रिश्तेदार नाक कापते." अरस्तूने नातेवाईकांसाठी काही इलाज सांगितलेला आमच्या वाचनात नाही.

आणि अरस्तूचे सगळेच घ्यावे असेही नाही. काही माणसे जन्मतःच गुलामीला योग्य असतात, असे तो म्हणतो. तूसींनी घराच्या प्रकरणात बायकांविषयी जे लिहिले आहे ते आमच्या वर्गातल्या मुलींना वाचून दाखवण्याची आमची तयारी नाही. या बाबतीत अफलातून पुढचा. त्याच्या आदर्श राज्यात स्त्रियाही राज्याच्या रक्षक होऊ शकतात आणि त्यांना पुरुषांसारखेच शिक्षण मिळते. बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने या ग्रंथावर भाष्य लिहिताना आपल्याच मुलखाला सुनावले की इथे बायकांना फक्त मुले जन्माला घालण्यापुरते ठेवले आहे, त्यांची अक्कल वाया जाते आणि म्हणून ही शहरे गरीब राहतात. या भाष्याची अरबी मूळ प्रत हरवली, ते हिब्रू तर्जुम्यातून वाचले. एका काझीचे म्हणणे यहुदी विद्वानांनी सांभाळून ठेवले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले. हा मजकूर आम्ही मुलींना आवर्जून वाचून दाखवतो.

त्या अफलातूनचा हाच ग्रंथ डॉ. झाकिर हुसेन यांनी 'रियासत' नावाने उर्दूत आणला. त्यांचा जन्म हैदराबादचा, १८९७ चा. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच निजामी राज्यात होता. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल-तर्जुमा निघाले आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. तिथे विज्ञानापासून फलसफ्यापर्यंत सगळे उर्दूतून शिकवायचे ठरले, त्यासाठी शेकडो पुस्तके आणि हजारो परिभाषा तयार झाल्या. मौलवी अब्दुल हक यांनी तर अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बसून वर्षानुवर्षे केले. त्या राज्याचे दुसरे हिशेब पुष्कळ आहेत. मराठी मातृभाषेच्या मुलांना उर्दूतून शिकावे लागले ही तक्रार खोटी नव्हती. पण आमच्यासारख्या उर्दू मास्तराला आज असे वाटते की त्या पुस्तकांची कपाटे आपण नीट उघडलीच नाहीत.

मराठीनेही आपले केले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये साक्रेटिसाचे चरित्र लिहिले. ज्यांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या तेच हे शास्त्रीबुवा. एकाच पुणेरी लेखणीतून सुकरात आणि हारून रशीद दोघेही मराठी बोलू लागले. विंदा करंदीकरांनी अरस्तूचे काव्यशास्त्र मराठीत दिले. एकाच गावात दोन शाळा, एकीत सुकरात, दुसरीत सॉक्रेटिस. भालचंद्र गणपतीच्या यात्रेत खांद्याला खांदा लावून फिरणाऱ्या मुलांना ठाऊक नसते की दोघांनी एकाच माणसाची गोष्ट ऐकली आहे.

शेवटी किंदीकडे परत येतो. दुःख कसे घालवावे यावर त्याने एक छोटी किताब लिहिली आहे. तिच्यात सुकरात एका रांजणात राहतो. ही गोष्ट खरे तर दुसऱ्या एका यूनानी फकिराची, दीवजानिसची. अरबांत ती सुकरातच्या नावावर चढली. कोणीतरी विचारते, रांजण फुटला तर? तो म्हणतो, रांजण फुटेल, जागा तर फुटणार नाही. त्याच किताबीत जहाजाची मिसाल आहे. ती मूळ एपिक्टेटसची. हा पहिल्या शतकातला, रोममध्ये गुलाम म्हणून राहिलेला, पायाने अधू असलेला माणूस. त्याचे म्हणणे असे की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. पाऊस, दुसऱ्याचे बोलणे, मालकाची मर्जी हे हातात नाही. आपण काय मानावे आणि कशाची हाव धरावी, हे आहे. पाऊस हातात नसलेल्या मुलखात हे पटायला वेळ लागत नाही.

मिसाल अशी. जहाज प्रवासात एका किनाऱ्याला लागते. लोक पाणी भरायला उतरतात. काही जण काम उरकून लगेच परततात, त्यांना ऐसपैस जागा मिळते. काही जण शिंपले, फुले, रंगीत दगड गोळा करत बसतात. ते उशिरा येतात, अडचणीच्या जागी बसतात, आणि फुले सुकून दुर्गंधी सुटते ती वेगळीच. काही जण रानात इतके आत जातात की नाखव्याची हाक त्यांना ऐकू येत नाही. जहाज निघून जाते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही ही मिसाल वर्गात सांगितली. आईबाप तोडीला गेले म्हणून तीन बाक रिकामे झाले होते. काही मुले हंगामी वसतिगृहामुळे मागे राहिली होती, काही दादी-नानीकडे. गोष्ट संपवून आम्ही खडू उचलला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिची आई त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात कुठेतरी उसाच्या फडात होती.

"सर, नाखवा एकच बार आवाज दिया क्या? पीछे बुलाने कू कोई गया नै?"

किंदीने ते लिहिलेले नाही. एपिक्टेटसनेही नाही. आम्ही तिला तसेच सांगितले, "मालूम नै, बेटा. उनो लिखे नै." मग तिचा प्रश्न उर्दूत फळ्यावर लिहिला आणि वर्गाला विचारले, कोणाला काय वाटते? चार हात वर आले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोनच मुलांचे बोलून झाले होते.